कागद, काजळी आणि देवदूत

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, जेथें जमीन पश्चिमेकडे समुद्रांत शिरते, तेथें धारावी बेटावर उत्तन, पाली, चौक, डोंगरी अशीं जुनीं गांवें वसलेलीं आहेत. आज तीं मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. २००२ सालीं अस्तित्वांत आलेलें हें महानगर उपनगरी गाड्यांतून ये-जा करणाऱ्या लोकांना उंच इमारतींचें शहर म्हणून ठाऊक आहे; परंतु भाईंदरचीं मिठागरें मागें टाकून पश्चिमेकडे गेलें म्हणजे कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली मासळी आणि चर्चचे मनोरे दिसूं लागतात. उत्तनचें चर्च समुद्रमातेचें, डोंगरीचें बेथलेहेममातेचें आणि भाईंदरचें नाझरेथमातेचें. तीनहि नांवें मरियेचींच आहेत, आणि त्यांपैकीं दोन नांवांशीं देवदूताची कथा जोडलेली आहे. नाझरेथ गांवीं गब्रिएल नांवाच्या देवदूतानें मरियेला पुत्रजन्माचा संदेश दिला, आणि बेथलेहेमच्या माळावर मेंढपाळांना त्या जन्माची वार्ता देवदूतांनींच सांगितली, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

या देवदूताची ओळख ख्रिस्ती गांवांत प्रथम डोळ्यांनीं होत नाहीं, ती कानांनीं होते. सकाळीं, मध्यान्हीं आणि दिवेलागणीस अशी तीन वेळां प्रार्थनेची घंटा वाजविण्याची जी रूढि आहे, तिचें नांव ‘आंजेलुस’. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘देवदूत’ असाच आहे. घंटा ऐकतांच हातांतील जाळें वा विळा क्षणभर बाजूस ठेवावा आणि गब्रिएलच्या संदेशाचें स्मरण करावें, एवढाच तिचा हेतु. त्या स्मरणाला चित्र लागत नाहीं, मूर्ति लागत नाहीं, द्रव्य तर मुळींच लागत नाहीं. काम करतां करतां थांबलेला मनुष्य एवढेंच त्याचें साहित्य.

या प्रदेशांतील घंटांचा इतिहासहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वसई व तिच्या आसपासचा मुलूख १५३४ सालच्या तहानें गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. पुढें दोन शतकें तेथें चर्चें व मठ उभे राहत गेले. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी अप्पांनीं जी मोहीम चालविली तींत घोडबंदर आणि धारावी हीं ठाणीं मराठ्यांच्या हातीं आलीं, आणि १७३९च्या मे महिन्यांत वसईच्या किल्ल्यानें शरणागति पत्करली. विजयी सरदारांनीं चर्चमधील मोठमोठ्या घंटा आपल्या मुलखांत नेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, वाईजवळचें मेणवली, सह्याद्रीच्या माथ्यावरील भीमाशंकर येथें त्या घंटा मोठ्या मानानें टांगण्यांत आल्या. एके काळीं देवदूताचा संदेश सांगणारा नाद अशा रीतीनें शंकराच्या दारीं घुमूं लागला, आणि तेथेंहि तो परका वाटला नाहीं. युरोपीय पाद्री निघून गेले; परंतु मागें राहिलेल्या ख्रिस्ती रयतेनें देशी धर्मगुरूंच्या साह्यानें आपली उपासना चालूच ठेविली.

कानांनीं ओळखलेल्या या देवदूताला मराठी वाणीहि फार लवकर मिळाली. इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट धर्मगुरु थॉमस स्टीफन्स यानें गोव्यांतील साष्टींत राहून मराठी ओवींत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला. उत्तर कोंकणांत फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनें तिकडील मराठींत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें पुराण लिहिलें. तें १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या व एकनाथांच्या ओवीच्या वळणानें ख्रिस्तकथा सांगण्याचा उपक्रम सतराव्या शतकांतच साधला होता. ऐकणाऱ्याला आपल्या भाषेंत बोलणारा गब्रिएल मिळाला.

डोळ्यांची गोष्ट मात्र निराळी झाली. वेदीवर जो देवदूत उभा राहिला तो गोऱ्या कांतीचा, पिंगट केसांचा, पोर्तुगालांतून वा फ्लँडर्समधून आलेल्या नमुन्याबरहुकूम घडविलेला होता. घडविणारे हात पुष्कळदां येथल्याच सुतारांचे व हस्तिदंताच्या कारागिरांचे असत. हिंदु कारागिरांनीं ख्रिस्ती मूर्ति करूं नयेत असे हुकूम गोव्यांत निघाले, तरी काम बरेंचसें त्यांच्याच हातून होत राहिलें. तथापि नमुना परकी, आणि त्यावर सोन्याचा मुलामा. भाविकाच्या मनांत हळूहळू अशी समजूत रुजली कीं देवदूत म्हटला म्हणजे तो असाच असावयाचा. त्याचें रूप दूरदेशींचें आणि त्याचें वस्त्र सोन्याचें. भाषा बदलली तरी श्रद्धेस बाध येत नाहीं. मग चेहरा व वस्त्र बदललें तर येतो काय? हा प्रश्न तीनशें वर्षें कोणी मोठ्यानें विचारला नव्हता.

त्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं देवदूताच्या रूपाचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें देवदूत हा अशरीरी आहे. त्याला रंग नाहीं, वय नाहीं, देश नाहीं. तेव्हां त्याचें कोणतेंहि चित्र हें मनुष्यानें योजलेलें एक चिन्ह होय. रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनस्थानांत मरियेसमोर उभा राहून संदेश देणाऱ्या पुरुषाचें जें अतिप्राचीन भित्तिचित्र आहे, त्यांतील त्या पुरुषाला पंख नाहींत. तो साध्या झग्यांतील एक मनुष्य आहे. त्याचा पुढें केलेला हात एवढीच त्याची ओळख. देवदूतांना पंख आले ते चवथ्या शतकाच्या अखेरीस, आणि ते आले ग्रीक-रोमन विजयदेवतेच्या मूर्तीवरून. ज्यांना मूर्तिपूजक म्हणून ख्रिस्ती लोक नाकारीत, त्यांच्याच देवतेचे पंख त्यांनीं आपल्या दूतास दिले. जें रूप पुढें सनातन वाटूं लागलें, तें एके काळीं शेजाऱ्याकडून उसनें आणलेलें होतें.

मीरा-भाईंदरच्या पूर्वेस जें डोंगराळ रान पसरलें आहे त्याच रानांत, दक्षिणेकडे, कान्हेरीचीं बौद्ध लेणीं आहेत. तेथील शिल्पांत बुद्धाच्या मस्तकाच्या दोहों बाजूंस हातांत माळा घेऊन येणारे विद्याधर कोरलेले दिसतात. हे आकाशगामी आहेत, पण त्यांनाहि पंख नाहींत. गुडघ्यांत मागें दुमडलेला पाय, पुढें झुकलेली कंबर, वाऱ्यावर उडणारें उत्तरीय—एवढ्यानेंच ते उडतात, आणि पाहणाऱ्याला त्यांच्या उड्डाणाविषयीं तिळमात्र शंका येत नाहीं. अजिंठ्याच्या भिंतींवरहि हीच युक्ति आहे. भारतीय कलावंतानें उड्डाण अवयवांत शोधलें नाहीं, तें रेषेच्या वळणांत शोधलें. आणि रेषेला तर कोणतेंच मोलाचें साहित्य लागत नाहीं.

साहित्याचा प्रश्न युरोपांतहि सुटलेला नव्हता. पंधराव्या शतकांतील फ्लॉरेन्स शहरांत वेदीवरील चित्रें करावयाचीं तर सोन्याचा वर्ख आणि दूरच्या डोंगरांतून आणलेला निळा राजावर्त हीं जणूं ठरलेलींच होतीं. फ्रा आंजेलिको या डोमिनिकन साधूनें तशीं चित्रें पुष्कळ केलीं. त्याचें हें नांवच मुळीं ‘देवदूतांसारखा’ अशा अर्थाचें असून तें त्याला लोकांनीं दिलें. प्रार्थना केल्यावांचून तो कुंचल्याला हात लावीत नसे, असें व्हासारीनें त्याच्या चरित्रांत नमूद केलें आहे. या साधूला १४३८नंतरच्या कांहीं वर्षांत सान मार्कोच्या मठांतील भिंती रंगविण्याचें काम मिळालें. खर्चाचा भार उचलणारा कोझिमो द मेदिची हा शहरांतील सर्वांत धनाढ्य पुरुष. द्रव्याची वाण नव्हती. तरीसुद्धां साधूंच्या लहान लहान खोल्यांत आंजेलिकोनें जीं चित्रें काढलीं त्यांत सोनें जवळजवळ नाहींच. ओला गिलावा, पाणी आणि मातीचे मोजके रंग. अशा एका खोलींत गब्रिएल मरियेसमोर उभा आहे. वर रिकामी कमान, मागें रिकामी भिंत. ज्याला रोज पहांटे उठून त्या चित्रासमोर एकट्यानें बसावयाचें आहे, त्याचें लक्ष वेधून घेईल असा एकहि अलंकार तेथें ठेवलेला नाहीं. येथें साधेपणा दारिद्र्यांतून आलेला नसून विचारपूर्वक निवडलेला आहे, हें विशेष.

पुढच्या शतकांत असे साधे कागदच समुद्र ओलांडून भारतांत आले. १५८० सालीं अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याचे जेझुइट धर्मगुरु फत्तेपूर शिक्री येथें पोहोंचले, तेव्हां त्यांनीं अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी बायबल बादशहाला नजर केलें. त्याच्या बरोबर व त्याच्या मागून तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलीं धार्मिक चित्रें आलीं. तीं काळ्या शाईंतील, हातांत धरतां येतील एवढीं लहान, आणि तेलचित्रांच्या मानानें कवडीमोल होतीं. दरबारी चित्रकारांनीं त्यांचा मोठ्या आवडीनें अभ्यास केला. अबुल हसन नांवाच्या मुलानें १६०० सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १५११ सालच्या एका मुद्राचित्रावरून क्रुसाखालीं शोकाकुल उभ्या असलेल्या संत योहानाची आकृति काढली. ती ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत आहे. घोटीव कागद आणि बारीक कुंचला यांखेरीज त्या मुलाजवळ विशेष कांहीं नव्हतें. तो मुसलमान घरांत जन्मला होता. योहान हा त्याच्या उपासनेचा विषय नव्हता. पण एकमेकांत घट्ट गुंतविलेल्या त्या हातांतील दुःख त्याला समजलें, आणि तें त्यानें आपल्या रेषेंत उतरविलें. पुढें जहांगीरानें त्याला ‘नादिर-उज्-जमान’ ही पदवी दिली. त्याच जहांगीराच्या लाहोरच्या किल्ल्यांतील बुरुजाच्या घुमटावर पंखांचे देवदूत रंगविलेले आहेत. म्हणजे रोमनांकडून उसने घेतलेले पंख आतां रावी नदीच्या कांठीं येऊन पोहोंचले.

हा प्रवास एकाच दिशेनें झाला नाहीं. मोगल दरबारचीं लहान चित्रें डच व्यापाऱ्यांच्या मार्फत हॉलंडांत गेलीं, आणि त्यांतील कांहीं रेंब्रांटच्या दृष्टीस पडलीं. या चित्रकारानें आयुष्यांत कधीं आपला देश सोडला नाहीं. तरीहि १६५६च्या सुमारास त्यानें मोगल चित्रांवरून वीसांहून अधिक रेखाटनें केलीं, आणि तींहि आशियांतून आलेल्या मऊ कागदावर. त्यांपैकीं एकांत झाडाखालीं जमिनीवर बसून बोलणारे चार वृद्ध पुरुष आहेत. त्याच १६५६ सालीं रेंब्रांटनें अब्राहामाच्या घरीं आलेल्या देवदूतांचें मुद्राचित्र कोरलें. बायबलांतील ही कथा अतिथिधर्माची आहे: तीन परके पाहुणे येतात, वृद्ध अब्राहाम त्यांना जेवूं घालतो, आणि मागाहून ते देवाकडून आलेले होते हें उमगतें. युरोपांतील चित्रकार या पाहुण्यांना मेजाभोंवतीं बसवीत. रेंब्रांटनें त्यांना भुईवर, अंथरुणावर, पाय दुमडून बसविलें. ती बैठक त्यानें त्या मोगल चित्रावरून घेतली, हें जाणकारांनीं दाखवून दिलें आहे. आपल्या माजघरांत पाहुणा जसा पाटावर बसावा तसे अब्राहामाचे देवदूत बसले आहेत. त्याच वर्षीं रेंब्रांटचें दिवाळें निघालें आणि त्याच्या मालमत्तेची यादी सरकारदफ्तरीं झाली. मौल्यवान संग्रह हातचा जात असतां या मनुष्यानें देवदूतांना जमिनीवर बसविलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

रेंब्रांटच्या रेखाटनांचें साहित्य पाहिलें तर तें कोणाहि मराठी कारकुनाला ओळखतां आलें असतें. बोरूची वा पिसाची लेखणी, लांकडाच्या काजळींतून काढलेली तपकिरी शाई, आणि ती पातळ करण्यास पाणी. आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्या बोरूनें, आणि दिव्याच्या काजळींत डिंक खलून केलेल्या शाईनें. ज्या शाईनें घरचा हिशेब लिहावयाचा तिनेंच ओवी लिहावयाची आणि तिनेंच देवदूत काढावयाचा. पदार्थ क्षुल्लक असला कीं तो स्वतःकडे लक्ष ओढून घेत नाहीं. सोन्याच्या मुलाम्यापुढें भाविक प्रथम सोनें पाहतो. काजळीच्या रेषेपुढें त्याला पाहण्यास रेषेचा आशय एवढेंच उरतें. आणखीहि एक गोष्ट अशी कीं शाईची रेषा पुसतां येत नाहीं. हात कोठें अडखळला, कोठें थांबला, कोठें निःशंक धांवला, हें तींत जसेंच्या तसें राहतें. म्हणूनच भक्तीचा खरेखोटेपणा भव्य वेदीपेक्षां लहानशा रेखाटनांत लवकर ओळखूं येतो.

विसाव्या शतकांत हा सारा विचार प्रत्यक्ष आचरणांत आणण्याचा प्रसंग एका गोमंतकीय चित्रकारावर आला. त्यांचें नांव आंजेलो द फोन्सेका. आणि आंजेलो याचाहि अर्थ देवदूतच. १९०२ सालीं गोव्यांतील सांतु इश्तेव या बेटावर एका सधन कॅथॉलिक कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. मुंबईस वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडून ते चित्रकलेकडे वळले. पण तेथील कलाशाळेंतील पाश्चात्य वळणाच्या शिक्षणानें त्यांचें समाधान झालें नाहीं, म्हणून ते बंगाल्यांत गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बसू यांच्या सहवासांत शिकले.

बंगाल्यांत त्यांच्या हातीं जें तंत्र आलें त्याचा थोडा खुलासा येथें हवा. १९०३च्या सुमारास योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले होते. त्यांच्या पद्धतीवरून अवनींद्रनाथांनीं आपली जलरंगाची रीत बसविली. कागदावर पातळ रंग द्यावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, आणि मग सबंध कागद पाण्यांत भिजवावयाचा. वर तरंगणारा रंग निघून जातो, कागदाच्या अंगांत मुरलेला तेवढा शिल्लक राहतो. त्यावर पुन्हां रंग, पुन्हां पाणी. असें अनेकवार केल्यावर चित्राला धुक्यांतून येणाऱ्या उजेडासारखी कांति चढते. तैलरंगांत चित्रकार भर घालीत जातो. येथें तो प्रत्येक वेळीं कांहीं सोडून देतो. नंदलाल बसूंनीं तर १९३८ सालीं हरिपुरा काँग्रेससाठीं हातकागद आणि साधे मातीचे रंग घेऊन खेड्यांतील जीवनाचीं चित्रें केलीं, आणि थोर कलेला थोर किंमतीचें साहित्य लागत नाहीं हें सर्व देशाला दाखवून दिलें. फोन्सेकांची दीक्षा या घराण्याची होती.

१९३०च्या सुमारास ते गोव्यास परतले तेव्हां त्यांनीं ख्रिस्ती विषय याच रीतीनें रंगविण्यास आरंभ केला. मरिया साडी नेसून आली, तिच्या पायांत पादत्राण नव्हतें, तिच्या मागें आपल्याच देशांतील टेकड्या व झाडें दिसूं लागलीं. गब्रिएलचा संदेश हा विषयहि त्यांनीं हाताळला. त्यावर गोव्यांतील ख्रिस्ती समाजाच्या मोठ्या भागानें रोष व्यक्त केला. हें देवमातेला हिंदु करणें आहे, अशी तक्रार झाली. ही तक्रार केवळ अडाणीपणाची म्हणून उडवून देणें न्यायाचें होणार नाहीं. अनेक पिढ्यांनीं ज्या मुखाकडे पाहून आजाऱ्यासाठीं नवस केले, मृतांसाठीं अश्रु ढाळले, तें मुख परदेशी नमुन्याचें होतें हें इतिहासकाराला दिसतें. भाविकाला तें आपल्या आजीच्या घरांतील वाटतें. तें बदललें कीं आपल्या माणसांची आठवणच कोणी पुसली असें त्याला होतें. दुसऱ्या बाजूस फोन्सेकांचें म्हणणेंहि तितकेंच खरें होतें: जर ख्रिस्त सर्वांसाठीं जन्मला, तर कोंकणांतील मातेनें आपल्यासारखी मरिया पाहूं नये असें कोणतें शास्त्र सांगतें? दोन्ही बाजूंस श्रद्धाच होती, आणि म्हणून तो संघर्ष चित्रकाराला फार जड गेला. त्यांनीं गोवा सोडला.

त्यांना आसरा मिळाला तो महाराष्ट्रांत, पुण्याच्या शिवाजीनगर भागांतील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत. या आश्रमामागील संघ जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२२ सालीं स्थापन केला होता. विन्स्लोवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांची गाढ छाप होती. टिळकांचें इंग्रजी चरित्रहि त्यानें १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग, भजन आणि कीर्तन सोडलें नाहीं. येशूकडे जाण्याची वाट तुकारामाच्या अंगणांतून जाते, ही त्यांची धारणा. टिळकांनीं शब्दांत जें साधलें तेंच फोन्सेका रंगांत साधूं पाहत होते. तेव्हां हा कॅथॉलिक चित्रकार प्रॉटेस्टंट आश्रमांत राहिला यांत नवल नाहीं. तेथें खादी, भुईवरील बैठक, साधें शाकाहारी जेवण आणि ठराविक वेळांची प्रार्थना असा क्रम असे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील इतिहाससंशोधक फादर हेरास यांनींहि त्यांना उत्तेजन दिलें. हेरास स्वतः स्पॅनिश. परंतु भारतांतील चर्चनें भारतीय वास्तु व चित्र स्वीकारावें असें ते आग्रहानें सांगत.

पुण्यांत फोन्सेकांनीं शेंकडों चित्रें केलीं. त्यांतील बहुतेक मोठ्या चर्चच्या वेदीवर कधीं चढलीं नाहींत. तीं कागदावरचीं होतीं, आणि कागदावरच राहिलीं. १९६३च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा आपला ठराव मान्य केला आणि चर्चनें कोणत्याहि एका कलाशैलीला आपली म्हणून मानलेलें नाहीं, सर्व काळांच्या व सर्व लोकांच्या कलेस तेथें स्थान आहे, असें त्यांत नमूद केलें. तीस वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीसाठीं त्यांना घर सोडावें लागलें, ती आतां धर्मपीठाच्या अधिकृत शब्दांत उतरली होती. फोन्सेका हें पाहण्यास हयात होते. १९६७च्या डिसेंबरांत पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. पुढें त्यांच्या पत्नीनें जिवापाड जपलेला संग्रह गोव्यांतील पर्वरीच्या झेवियर इतिहास-संशोधन केंद्रास दिला, आणि ज्या भूमींतून ते निघून गेले होते तेथेंच त्यांचीं चित्रें परत आलीं.

या इतिहासाचा धारावी बेटावरील गांवांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. उत्तर तेथील चर्चमध्यें रविवारीं बसणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे पाहिलें म्हणजे मिळतें. कोळी व ईस्ट इंडियन समाजांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लुगडें नेसूनच प्रार्थनेस येत आल्या. त्यांची बोली मराठीच. १८८७ सालीं या समाजानें मुंबईंत आपली संस्था काढली आणि ‘ईस्ट इंडियन’ हें इंग्रजी नांव धारण केलें, तरी लग्नांतील गाणीं, स्वयंपाकघरांतील शब्द आणि अंगावरील लुगडें बदललें नाहीं. ज्या समाजांत माता लुगडें नेसून देवमातेपुढें गुडघे टेकते, तेथें देवमातेनें लुगडें नेसलें तर नवीन असें कांहींच घडत नाहीं. फक्त वेदीच्या अलीकडचें चित्र वेदीवर जातें. आणि मरिया जर तशी, तर तिला भेटण्यास येणारा दूत तरी निराळा कां असावा? तोहि त्याच ओल्या वाळूवरून, होड्यांच्या मधून, अनवाण्या पायांनीं येऊं शकेल.

त्यासाठीं सोनें, संगमरवर वा परदेशी साचा यांची गरज पडत नाहीं. गांवांतील एखाद्या मुलानें वहीच्या पानावर कोळशानें वा शाईनें देवदूत काढावयाचें मनांत आणलें, तर त्याच्यापाशीं जें साहित्य असेल तें अबुल हसनच्या किंवा रेंब्रांटच्या साहित्याहून फारसें कमी नसेल. पंख काढावे कीं न काढावे, हेंहि त्याचें त्यानें ठरवावें. प्रिसिलाच्या भुयारांतील चित्रकारानें ते काढले नव्हते, कान्हेरीच्या शिल्पकारानेंहि नाहीं. मात्र घंटा वाजल्यावर आजीच्या चेहऱ्यावर जी स्तब्धता येते ती त्यानें एकवार नीट पाहिलेली असावी. तेवढी रेषेंत उतरली तर कागद कोणता आणि शाई कसली, हें कोणी विचारणार नाहीं.